कोकणात कमी उत्पन्नाच्या घरांना वस्तू विकायची असेल तर : माल सर्वांत शेवटी भरा

रोजच्या रोकडीवर चालणाऱ्या घरांना उपयोगी पडेल अशी वस्तू गावोगाव पोचवायची आणि त्यावर आपलाही व्यवसाय उभा करायचा, असं ठरवून कोकणात दरवर्षी कितीतरी जण उतरतात. कुणी गावात राहिलेला तरुण असतो, कुणी बचत गटाच्या ताई असतात, कुणी मुंबईची नोकरी सोडून आलेले असतात. चूक बहुतेकांची एकच होते. माल आधी भरतात, गिऱ्हाईक नंतर शोधतात. एप्रिलमध्ये पडवीत खोकी रचली जातात, मे पाहुण्यारावळ्यांत जातो, आणि जून उजाडला की ना माल हलतो ना पैसा.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एक टप्पा पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नका. उदाहरणासाठी मी एकच वस्तू शेवटपर्यंत धरली आहे : बंदरावरून मासळी उचलून गावात विकणाऱ्या बायकांसाठी बर्फ टिकवणारी जाड भिंतीची पेटी. तुमची वस्तू वेगळी असेल, क्रम हाच राहील.

## 1. पैसा कधी येतो त्याची दिनदर्शिका काढा

मोठ्या कागदावर बारा महिने आडवे लिहा. डावीकडे उभ्या ओळीत तुमच्या भागातली घरं कशावर जगतात ते लिहा. मग प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी भरा : पैसा येतो का, जातो कुठे, आणि हातात मोकळा किती उरतो.

मासळीवरची घरं घ्या. यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंदी असते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होत जातो आणि सप्टेंबरपासून बंदरात पैसा फिरायला लागतो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. चुकतं ते मे महिन्यात. मेमध्ये मासळी विकणाऱ्या बाईच्या हातात रोकड दिसते, म्हणून विक्रेता तेव्हा गाठतो. पण ती रोकड सुकट, बोंबील, जवळा घेऊन पावसासाठी साठवण्यात अडकलेली असते. मालवणकडच्या एका मावशींनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं : “आता पैसे सुक्या माशांत घातलंय, मिरग लागल्यार काय खातलंव?” (मृगाचा पाऊस लागल्यावर काय खाणार?) त्यांच्यासाठी मे हा गुंतवणुकीचा महिना आहे. तेव्हा दुसरी गुंतवणूक त्यांच्या गळ्यात घालू नका.

भातशेती आणि मजुरी करणाऱ्या घरांना जूनमध्ये बियाणं, खत, नांगरणी आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च एकदम येतो. लावणीच्या दिवसांत मजुरी मिळते, पण मागोमाग गणपती असतात. कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आंबा-काजूच्या पट्ट्यात फेब्रुवारी ते मे हा कमाईचा काळ. काजूची बी तर किलोवर विकून त्याच दिवशी पैसे हातात येतात, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये या घरांत बायकांच्या हातात स्वतःचे पैसे असतात.

रायगडातल्या कातकरी वाड्यांची ओळ वेगळी मांडा. दिवाळीच्या सुमारास बरीच कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. निघताना मुकादमाकडून उचल मिळते, ती पाहून “आता पैसे आहेत” असं समजणारे विक्रेते मी पाहिले आहेत. उचल म्हणजे पुढच्या श्रमावर काढलेलं कर्ज. त्यातून वस्तू विकणं म्हणजे त्या कुटुंबाला भट्टीवर आणखी काही आठवडे बांधून घालणं. हे करू नका, कितीही विक्री होत असली तरी.

एक ओळ चाकरमान्यांची. गणपती, शिमगा आणि मे. मोठी खरेदी अनेक घरांत मुलगा गणपतीला आला की ठरते. आई महिनाभर “बघू” म्हणत असते, कारण निर्णय तिच्या एकटीचा नसतो.

तपासणी : प्रत्येक ओळ निदान तीन वेगवेगळ्या घरांत जाऊन विचारून पक्की केली का? तीन उत्तरं जुळत नसतील तर तुम्ही दोन प्रकारची घरं एकाच ओळीत कोंबली आहेत. ओळ तोडा.

## 2. विक्रीचं नाव न काढता बसून या

तीन-चार वाड्या निवडा, पंधरा-वीस घरं. सभामंडपात बैठक बोलावून माहिती गोळा करायचा मोह होतो, तो टाळा. सभेला येतात ती रस्त्यालगतची माणसं. वाडीच्या टोकाला, पाखाडी उतरून खाली राहणारं घर येत नाही, आणि तुम्हाला नेमकं तेच हवं असतं.

“अशी वस्तू आणली तर घ्याल का?” हा प्रश्न विचारू नका. आपल्याकडे दारी आलेल्या माणसाला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. “घेऊ की!” म्हणतील, चहा पाजतील. अशा होकारांच्या भरवशावर शंभर नग मागवून बसलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. झालेल्या गोष्टी विचारा :

- गेल्या वर्षभरात घरात कोणती वस्तू विकत घेतली? पैसे कसे दिले, एकदम की थोडे थोडे?
- कोणती वस्तू पडून आहे? का?
- शेवटची मोडलेली वस्तू कुठे दुरुस्त केली, जाण्या-येण्यात किती दिवस आणि किती मजुरी गेली?
- पैसे कमी पडले तर पहिल्यांदा कुणाकडे जाता?

मग एक अख्खा दिवस एका बाईबरोबर घालवा. मासळीच्या कामात तो पहाटे सुरू होतो. लिलाव संपतो, मावशी आपल्या वाटणीची मासळी पाटीत भरते, लादीचा फोडलेला बर्फ वर पसरते, गोणपाटाने झाकते. एसटी किंवा सहा आसनी रिक्षा. आठ-नऊला पहिली वाडी. अकरापर्यंत बर्फ निम्म्यावर आलेला असतो आणि पाटीखालून तांबूस पाणी ठिबकत असतं. शंभराचा बांगड्याचा वाटा बाराला ऐंशीला जातो, दीडला पन्नासला, आणि शेवटचे दोन वाटे ती वाटेवरच्या घरात “घे गो, काय द्यायचं ते दे” म्हणून ठेवून येते. तिचं नुकसान त्या शेवटच्या दोन तासांत होतं. हे घरबसल्या कळत नाही आणि प्रश्न विचारूनही फारसं कळत नाही, कारण तिने ते नुकसान म्हणून कधी मोजलेलंच नसतं.

संध्याकाळचा गल्लाही तिच्या शेजारी बसून मोजा. त्यातले बरेच पैसे सकाळच्या मासळीचे द्यायचे असतात, काही उद्याच्या खरेदीचे. हप्ता निघतो तो त्यातून उरलेल्या शंभर-दोनशेतून.

इशारा : वहीत नावं, उधारी, कर्ज लिहून घेत असाल तर ती वही कुणाला दाखवू नका. एका घराची गोष्ट दुसऱ्या घरात पोचली की त्या वाडीचं दार तुम्हाला बंद झालं.

## 3. वस्तू इथल्या पावसात आणि खाऱ्या हवेत तपासा

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो, आणि मीही एकदा वगळला होता. आम्ही मे महिन्यात सौर कंदील विकले. वीज जाते, पावसाळा तोंडावर आहे, रॉकेल मिळत नाही. सगळं जुळत होतं. कंदील आणून देणाऱ्यांनी कागदावर लिहिलेले तास खरे होते, पण ते लख्ख उन्हाचे. जूनच्या मध्यानंतर आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. जुलैत मी एका घरी गेले तेव्हा आजींनी कंदील कोनाड्यात देवाच्या तसबिरीमागे ठेवलेला होता आणि बाजूला मेणबत्ती जळत होती. त्यांनी तक्रार केली नाही. “ऊन आलं की लागेल ना?” एवढंच विचारलं. मजुरीचे चार दिवस त्या कंदिलात गेले होते. आम्ही पैसे परत केले, पण त्या वाडीत पुढची दोन वर्षं आमची दुसरी कोणतीही वस्तू कुणी हातात घेतली नाही.

म्हणून पाच नग घ्या, पाच घरांत फुकट वापरायला द्या, आणि निदान सहा आठवडे थांबा. पावसाळ्यात वापरायची वस्तू पावसाळ्यातच तपासायची. त्यासाठी एक वर्ष थांबावं लागलं तर थांबा. या गोष्टी बघा :

गंज. समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आत साध्या लोखंडी बिजागऱ्या आणि स्क्रू एका मोसमात खातात. गंज न धरणाऱ्या पोलादाचे किंवा प्लास्टिकचे सुटे भाग मागा.

वजन आणि वाहतूक. पेटी रिकामी आठ किलोची असेल तर मासळी आणि बर्फ धरून ती डोक्यावर घेता येत नाही. ती एसटीच्या दारातून आत जाते का? सीटखाली बसते का? एकटीला चढवता येते का? ही तपासणी खऱ्या एसटीत करा.

कामाची रीत. लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापापासून बचावासाठी भातशेतीत गमबूट वापरा, हा सल्ला योग्यच आहे. पण लावणीच्या चिखलात साधा गमबूट रुततो, पाय निघतो आणि बूट आतच राहतो. बायका ते काढून बांधावर ठेवतात आणि लोक म्हणतात, “यांना आरोग्याची काळजी नाही.” काळजी आहे, बूट त्या चिखलासाठी केलेला नाही. वापर होत नसेल तर पहिला संशय वस्तूवर घ्या.

आत्ता काय वापरतात. पेटीची खरी स्पर्धा दुसऱ्या कंपनीच्या पेटीशी नाही. बंदरावर जुनी थर्माकोलची पेटी थोडक्या पैशांत मिळते, महिना-दीड महिना चालते आणि हलकी असते. तुमची पेटी तिच्यापेक्षा किती बरी, एवढंच मावशी बघणार.

तपासणी : सहा आठवड्यांनी पाचही घरांत न सांगता जा. वस्तू हाताशी आहे की माळ्यावर? पाचांतल्या निदान चार घरांत रोजच्या वापरात असेल तरच पुढे जा, नाहीतर थांबा. बदल करून पुन्हा द्या.

## 4. आधी तिचा हिशेब, मग तुमचा

किंमत ठरवताना सगळे आपल्या खर्चावर नफा चढवतात. उलटं करा. वस्तूमुळे तिच्या दिवसात किती रुपये वाचतात किंवा वाढतात ते पहिल्यांदा लिहा. चाचणीतल्या पाच जणींकडून हा आकडा येतो, तुमच्या अंदाजातून नाही.

समजा, पेटीमुळे दिवसाला बर्फाचे 20 रुपये वाचतात आणि दुपारचे वाटे पडेल भावात न जाता 60 रुपये जास्त येतात. रोजचे 80. आठवड्याचे सहा दिवस धरले तर 480. माझा नियम असा, की आठवड्याचा हप्ता या फायद्याच्या निम्म्याच्या आसपास राहावा. म्हणजे इथे 250 पर्यंत. उरलेले 230 त्याच आठवड्यात तिच्या हातात दिसले पाहिजेत. “सगळे हप्ते फिटल्यावर फायदा सुरू होईल” हे गणित कागदावर बरोबर असतं, पण हातातोंडाची गाठ असलेल्या घरात तीन महिने वाट बघायला जागा नसते.

दहा हप्ते धरले तर किंमत झाली 2,500. आता त्यात तुमचा खर्च बसतो का बघा :

- पेटीची खरेदी : 1,900
- वाहतूक : 120
- विकणाऱ्या ताईचा वाटा : 180
- दुरुस्तीसाठी राखीव : 100
- बुडालेल्या आणि लांबलेल्या हप्त्यांसाठी : 80
- तुम्हाला उरतात : 120

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही भरा. दुरुस्तीची आणि बुडिताची ओळ मात्र पुसू नका. नवखे लोक नेमक्या याच दोन ओळी पुसून किंमत कमी करतात, आणि सहाव्या महिन्यात मोडकी बिजागरी बदलायला पैसे नसतात. गणित बसत नसेल तर किंमत वाढवण्याआधी पेटी लहान करता येते का, दोघींत एक चालते का, भाड्याने देता येते का, हे तपासा. तरीही बसत नसेल तर ही वस्तू सोडा. असं सोडून देणं खूप जणांना जड जातं, पण ते इथेच स्वस्तात पडतं.

रोज संपणाऱ्या वस्तूंचा, म्हणजे साबण, धुण्याची पावडर, फिनेल यांचा हिशेब वेगळा. लहान पुडी हातातल्या पैशात बसते, म्हणून ती उपकारक आहे असं धरून चालतात. पुडीच्या आणि मोठ्या पाकिटाच्या किमतीला ग्रॅमने भागून बघा. लहान पुडी घेणाऱ्याला ग्रॅममागे जास्त मोजावं लागत असेल तर तुम्ही गरिबाकडूनच जास्त घेत आहात. शिवाय त्या रिकाम्या पुड्या पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, आणि मग खाडीत जातात. आपली बाटली आणा, मापाने भरून न्या, ही रीत वाडीवरच्या दुकानात चांगली चालते. खाद्यतेलाला ती लावू नका. सुटं खाद्यतेल विकायला कायद्याने बंदी आहे.

## 5. हप्त्याची रीत लिहून काढा

हप्ता कोणत्या दिवशी, कुठे, कोण घेणार, हे वस्तू देण्याआधी ठरलेलं असावं. महिन्याचा हप्ता ठेवू नका. रोज कमावणाऱ्या घरात महिन्याच्या शेवटी एकरकमी हजार रुपये नसतात, आठवड्याला अडीचशे असतात.

दहा हप्ते बारा आठवड्यांत घ्या. दोन आठवडे “वाऱ्याचे” म्हणून मोकळे ठेवा, आणि ते वापरण्यासाठी तिला कारण सांगावं लागू नये. जोराच्या वाऱ्यात बोटी बंदरात नांगरून पडतात तेव्हा गावात मासळीच नसते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, मे 2021 मध्ये तौक्ते आलं. असं मोठं काही झालं तर वसुली पूर्ण थांबवायची, आणि ही अट सुरुवातीलाच लिहून ठेवायची. सप्टेंबरच्या सुरुवातीला पेटी दिली तर नोव्हेंबरअखेर ती फिटते. मार्चच्या पहिल्या आठवड्यानंतर नवी पेटी हप्त्यावर देऊ नका. हप्ते बंदीच्या दिवसांत घुसतील.

व्याज लावू नका. व्याजाने पैसे देण्याच्या व्यवसायाला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली परवाना लागतो. रोख आणि हप्ता, दोन्हींची किंमत एकच ठेवा. “रोखीने घेतलं तर स्वस्त” असं म्हटलं की हप्त्यावाल्या बाईला आपण जास्त देतोय हे कळतं, आणि ते कळणं बरोबरच आहे.

प्रत्येकीकडे एक कार्ड असू द्या : दहा चौकोन, हप्ता दिला की तारीख आणि सही. वाचता येत नसेल तरी भरलेले चौकोन मोजता येतात. यूपीआय चालतं, पण पुष्कळदा ते मुलाच्या फोनवर असतं. पैसे कुणाच्या खात्यातून आले यापेक्षा कार्डावर त्याच दिवशी खूण झाली का, याकडे लक्ष द्या.

इशारा : हप्ता चुकला म्हणून चारचौघींत नाव घ्यायचं नाही, गटातल्या बाकीच्यांवर दबाव आणायचा नाही, वस्तू उचलून आणायची नाही. एकटीला भेटा. खूपदा वस्तू मोडलेली असते आणि ती सांगायला संकोचत असते.

## 6. विकणारी व्यक्ती निवडा

बाहेरून आलेल्या पोरापेक्षा त्याच धंद्यातली, त्याच बंदरावरची बाई दहापट चांगलं विकते, कारण ती स्वतः वापरते. चाचणीतल्या पाच जणींतच तुमची पहिली ताई सापडेल.

उमेद या सरकारी अभियानाचे ग्रामसंघ आणि माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) बचत गट जवळपास सगळ्या तालुक्यांत आहेत. त्यांच्याकडे जा, पण बैठकीत “सगळ्यांनी घ्या” असा ठराव करून घेऊ नका. गटाच्या भिडेने घेतलेली वस्तू वापरली जात नाही. गटाला आधी पाच नग दाखवा. ज्या आपणहून विचारतील त्यांनाच द्या.

ताईचा वाटा विकल्याबरोबर एकदम देऊ नका. 180 रुपये असतील तर दर हप्त्यामागे 18. एकदम दिले की ती आपल्याच जावेच्या आणि शेजारणीच्या गळ्यात मारते, मग वसुलीला जाताना तिचेच संबंध तुटतात. शिवाय हप्त्याला गेल्यावर वस्तू चालते का हे तिला दर आठवड्याला दिसतं. हीच तुमची खरी माहिती.

वाडीवरच्या किराणा दुकानदाराला डावलू नका. गावात कुणाला किती उधार झेपते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं, आणि पावसात तोच त्या घरांना धान्य देतो. सुटे भाग त्याच्या दुकानात ठेवा, त्यावर त्याला थोडा वाटा द्या.

## 7. कागदपत्रं

यात फार वेळ घालवायचा नाही, पण पहिल्या विक्रीआधी व्हायला हवं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर होते आणि तिला शुल्क नाही; पैसे मागणाऱ्या मधल्या माणसाला देऊ नका. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी. बंद पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा. वजनकाटा वापरत असाल तर वैधमापन विभागाकडून ठरलेल्या मुदतीत तपासून शिक्का घ्या. गॅसची शेगडी आणि प्रेशर कुकर यांना आयएसआय खूण सक्तीची आहे. खूण नसलेला स्वस्त माल गरिबांसाठी म्हणून आणू नका.

पुरवठादाराकडून हमीचा कागद मराठीत लिहून घ्या : काय मोडलं तर किती दिवसांत बदलून देणार.

## 8. दाखवायचं कसं

भाषण नको, पत्रक नको. बंदरावर लिलाव सुटल्यावर किंवा आठवडा बाजारात बायका जिथे टेकतात तिथे जा. एक थर्माकोलची पेटी आणि एक तुमची. दोन्हींत तिथल्याच एखादीच्या हाताने दोन-दोन किलो बर्फ तोलून घाला. झाकणं लावा, दोन्ही उन्हात ठेवा, निघून जा. दुपारी त्याच बायका परत येतात तेव्हा दोन्ही उघडा आणि उरलेला बर्फ पुन्हा तोला. बोलायची गरज पडत नाही. बर्फ त्यांचा, तराजू त्यांचा, हात त्यांचा.

कशासाठी चालत नाही तेही तेव्हाच सांगा. पेटीत बर्फ कमी घातला तर मासळी टिकणार नाही; आपल्या उष्ण हवेत मासळीइतकाच बर्फ हा धरून चालायचा हिशेब आहे. वितळलेलं पाणी बुचातून काढत राहावं लागतं, नाहीतर तळची मासळी पाण्यात मऊ पडते. पेटी रोज धुवावी लागते. हे आधी न सांगितल्यास तिसऱ्या दिवशी “वास येतो” म्हणून पेटी परत येते.

शब्द जपून वापरा. “गरिबांसाठी”, “परवडणारी”, “तुमच्यासारख्यांसाठी” हे शब्द फलकावरही नकोत आणि तोंडीही नकोत. मावशी व्यापार करते, स्वतःचं भांडवल फिरवते. तिच्याशी व्यापाऱ्याशी बोलतो तसं बोला : बर्फ किती वाचतो, वाटा किती वाजेपर्यंत पूर्ण भावाने जातो, किती दिवसांत फिटते. रोगराईची भीती घालून विकू नका. भीतीने घेतलेली वस्तू भीती ओसरली की कोपऱ्यात जाते. आणि फोटो काढायचा असेल तर विचारून. कुणाच्या घराचा, कुणाच्या मुलांचा फोटो जाहिरातीत घालू नका.

तपासणी : प्रात्यक्षिकानंतर आठवडाभर कुणाकडे जाऊ नका. किती जणी आपणहून विचारायला येतात ते मोजा. शंभर जणींनी बघितलं आणि दोघींनी विचारलं, तर टप्पा 3 वर परत जा.

## 9. आता माल, आणि तोही थोडा

पहिली खेप वीस. वरच्या हिशेबाने वीस पेट्यांची खरेदी 38,000 आणि वाहतूक 2,400, एकूण 40,400 रुपये गुंततात. दर आठवड्याला हप्त्यांचे 5,000 येतात, त्यातून ताईचे 360 गेले की 4,640. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी गुंतवलेले पैसे नवव्या आठवड्यात सुटतात, आणि दोन आठवडे वाऱ्याचे गेले तर अकराव्यात. तोवर दुसरी खेप घ्यायला तुमच्याकडे वेगळे पैसे हवेत, नाहीतर थांबायची तयारी हवी. “मागणी आहे” म्हणून तिसऱ्या आठवड्यात शंभर पेट्यांसाठी कर्ज काढतात, व्यवसाय तिथे बुडतो. माल खपत नाही म्हणून बुडालेल्यांपेक्षा माल भराभर खपला म्हणून बुडालेले मी जास्त पाहिले आहेत.

पेट्यांबरोबरच सुटे भाग मागवा : बिजागऱ्या, कड्या, बुचं, झाकणाचं रबर. भाग नंतर येणार असतील तर पेट्याही नंतरच द्या. मोडली तर दुसऱ्या दिवशी बंदरावरच दुरुस्त झाली पाहिजे. तालुक्याला घेऊन या म्हटलं तर भाडं आणि बुडालेली मजुरी मिळून दुरुस्तीच्या दुप्पट खर्च तिच्या माथी पडतो. दोन दिवस लागणार असतील तर तेवढ्यापुरती दुसरी पेटी द्या. त्यासाठी एक पेटी कायम बाजूला ठेवा.

पहिले पंधरा दिवस परत घेण्याची मुभा ठेवा, कारण न विचारता, पूर्ण पैसे देऊन. परत आलेली प्रत्येक पेटी उघडून बघा, देणाऱ्या बाईशी निवांत बोला. वीस विकलेल्या पेट्यांपेक्षा परत आलेल्या दोन पेट्या जास्त शिकवतात.

## 10. पावसाळ्यात फिरा

जून-जुलैत विक्री नसते, म्हणून बहुतेक जण गायब होतात. तुम्ही तेव्हाच दारोदार जा. वसुलीची वही घरी ठेवा, सुट्या भागांची पिशवी घ्या. रबर बदला, बूच बदला, पेटी बंदीच्या दिवसांत कशी ठेवायची ते दाखवा : कोरडी पुसून, झाकण थोडं उघडं ठेवून, जमिनीपासून वर. काही घरांत ती पेटी सुकी मासळी ओलीपासून वाचवायला वापरलेली दिसेल, काही घरांत तांदूळ ठेवलेला असेल. ते लिहून घ्या. पुढची वस्तू कोणती आणायची याचं उत्तर त्यातच असतं.

प्रत्येक घरात चार आकडे भरा : पेटी गेल्या मोसमात आठवड्यातून किती दिवस वापरली, दुपारचे वाटे किती वाजेपर्यंत पूर्ण भावाने गेले, दुरुस्तीला किती दिवस लागले, आणि हप्ते देण्यासाठी कुठून उसने घ्यावे लागले का. शेवटच्या प्रश्नाला वीसांतल्या चार-पाच जणींनीही होकार दिला, तर सप्टेंबरची खेप मागवण्याआधी टप्पा 4 चा कागद पुन्हा काढून बसा.